हरवलेली जाळी : सुटतात कशी, सुटल्यावर काय करायचे

दर्यावर्दी

मासेमारी बोटींची जाळी समुद्रात हरवतात हा विषय निघाला की बोलणे लगेच किनारा सफाईवर जाते. सफाई हवीच, पण ती शेवटची पायरी. जाळे बोटीच्या हातून सुटते कसे, सुटू नये म्हणून मांडणीत काय बदलायचे आणि सुटलेच तर पहिल्या दिवसात काय करायचे, ही माहिती एका जागी जमावी म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्त करावे.

आधी आवाका. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७ देशांतल्या ४५१ मच्छीमारांना थेट विचारून जगाचा हिशोब मांडला आहे. त्यानुसार दरवर्षी वापरातल्या साधनांपैकी जवळपास २ टक्के समुद्रात जातात : गिलनेट (पाण्यात पडद्यासारखे उभे राहणारे जाळे) २,९६३ चौरस किमी, पर्ससीन (माशांच्या थव्याभोवती टाकून खालून आवळायचे जाळे) ७५,०४९ चौरस किमी, ट्रॉल (बोटीमागे ओढायचे पिशवीसारखे जाळे) २१८ चौरस किमी, लाँगलाइनच्या (ओळीने गळ लावलेल्या लांब दोरीच्या) मुख्य दोऱ्या ७,३९,५८३ किमी आणि अडीच कोटींहून जास्त पिंजरे. 'दरवर्षी ६ लाख ४० हजार टन' हा आकडा सगळीकडे फिरतो, तो कृपया वापरू नका. तो कुणी मोजलेला नाही. जहाजांवरून पडणाऱ्या कचऱ्याचा १९७५चा ६४ लाख टनांचा जुना अंदाज घेऊन त्याचे १० टक्के काढलेले आहेत, इतकेच.

आता कारणे. ट्रॉल तळावरच्या खडकात किंवा बुडालेल्या जहाजात अडकते. वायर तुटली तर दरवाज्यांसकट (जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या जड फळ्यांसकट) सगळे जाते, नाहीतर पोटाचा किंवा पिशवीचा तुकडा फाटून राहतो. पर्ससीन अख्खे हरवणे विरळा, त्याचे फाटके पट्टे जातात. सगळ्यात जास्त अख्खी हरवतात ती तळाला नांगरून ठेवलेली गिलनेट, कारण ती मांडून बोट तिथून निघून जाते. मागे ट्रॉलर त्यावरून ओढत जातो, जहाजाच्या पंख्यात बोयाची (जाळ्याची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या गोळ्याची) दोरी कापली जाते, किंवा हवामान बिघडते आणि दोन दिवसांचे जाळे आठ दिवस पाण्यात राहते. यात बहुतेक वेळा आधी जातो तो बोया. जाळे जागच्या जागी असते, पण त्याला वर काढायला हाताशी काही उरत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत : हरवण्यावर उपाय करायचा तर पहिला पैसा आणि पहिले लक्ष बोयाच्या दोरीवर.

पेरागाठ

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. दोरीबद्दल सविस्तर लिहितो.

बोयाला पॉलिप्रॉपिलीनची दोरी लावतात कारण ती हलकी आणि स्वस्त. पण तिची घनता ०.९१, म्हणजे ती पाण्यावर तरंगते. ओढ (पाण्याचा प्रवाह) मंदावली की जास्तीची दोरी बोयाभोवती पृष्ठभागावर पसरते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पंख्याला मिळते. उपाय सोपा आहे. वरच्या एकतृतीयांश भागाला बुडणारी दोरी लावा, म्हणजे पॉलिएस्टर किंवा शिसे भरलेली, आणि खालच्या भागाला तरंगणारी. खालचा भाग तरंगणारा असला की तो तळावर घासत नाही, खडकात अडकत नाही. दोन्ही भाग गाठीने न जोडता स्प्लाइस करा, म्हणजे दोन्हींचे पेड एकमेकांत विणा. गाठीत दोरीची ताकद साधारण निम्म्यावर येते, चांगल्या स्प्लाइसमध्ये फारच थोडी जाते. जुन्या दोऱ्यांवर वरचा भाग बदलणे शक्य नसेल तर बोयाखाली ३-४ मीटरवर छोटे वजन बांधा, तेवढ्यानेही ढिली दोरी उभी खाली जाते.

लांबी : शांत पाण्यात खोलीच्या सव्वापट पुरते, ओढीच्या जागी दीडपट. त्याहून कमी ठेवली तर बोया बुडतो, फार जास्त ठेवली तर पंखा कापतो.

बोया दोन्ही टोकांना हवा. एका टोकाला बोया आणि दुसरे टोक नुसत्या नांगरावर, ही काटकसर महागात पडते. एक बोया गेला तरी दुसऱ्या टोकावरून जाळे काढता येते, म्हणून दोन. प्रत्येक टोकाला उंच काठीवर बावटा, रडार परावर्तक आणि रात्रीसाठी दिवा. बोटीचा नोंदणी क्रमांक बोयावर लिहितातच, तो जाळ्याच्या वरच्या आणि खालच्या दोरीच्या टोकांनाही टिकाऊ चकतीवर लावा. बोया तुटून गेल्यावर जाळे कुणाचे हे सांगणारी ती एकच खूण उरते. एफएओने (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने) २०१८ मध्ये मासेमारी साधनांवर खुणा करण्याची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांचा गाभा हाच आहे : साधन पाहून मालक आणि जागा कळली पाहिजे.

निळाई

दर्यावर्दी दादा, पेरागाठ दादा, दोघांचे आभार. एक शंका. जागेवर पोचल्यावर बोया दिसला नाही म्हणजे तो तुटलाच असे धरायचे का? आणि तरंगती जाळी, जी नांगरलेली नसतात, ती किती दूर जातात?

भरतीओहोटी

निळाई, नाही. बोया दिसत नाही याचे पहिले कारण तो ओढीने पाण्याखाली गेलेला असणे हे आहे, आणि ते तपासल्याशिवाय हरवल्याची नोंद करू नये.

आकड्यांत पाहू. १२ मिमी जाडीची ६० मीटर दोरी पाण्यात उभी धरली तर १ नॉट (ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किमी) ओढीत तिच्यावर ढोबळमानाने १२ किलोचा रेटा येतो. ओढ २ नॉट झाली की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे ४८ किलोच्या आसपास. दोरी कलते तसा तो कमी होतो, पण १० किलो उचल असलेला बोया यात टिकणार नाही. त्यातून बोया हवा भरलेला मऊ असेल तर खाली जाताना तो चेपतो. १० मीटरवर त्याचे आकारमान निम्मे होते, उचल निम्मी होते आणि तो आणखी खाली जातो. म्हणून उधाणाच्या दिवसांत ओढीच्या जागी कडक कवचाचा, खोलीची क्षमता छापलेला बोया हवा, आणि दोरी शक्य तेवढी बारीक. ८ मिमीवर रेटा दोनतृतीयांशच राहतो.

तेव्हा बोया दिसला नाही तर भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्याची वेळ काढा आणि त्या वेळी जागेवर हजर राहा. ओढ थांबताच बुडालेला बोया आपोआप वर येतो. हे दोन वेळा करून काही दिसले नाही, तरच शोध सुरू.

तरंगत्या जाळ्याचे गणित वेगळे. ते बहुतांश पाण्याखाली असते, त्यामुळे वाऱ्यापेक्षा प्रवाहाबरोबर जाते. भरतीच्या ओढीचा सर्वाधिक वेग १ नॉट असेल तर सरासरी ०.६४ नॉट पडते. सव्वासहा तासांत जाळे सुमारे ४ सागरी मैल एका बाजूला जाते आणि ओहोटीत जवळपास तेवढेच परत येते. लोक '१ नॉट गुणिले २४ तास' असे करून २४ मैलांवर शोधायला जातात आणि तिथेच चुकतात. भरती-ओहोटी वजा करून जो कायम एका दिशेचा प्रवाह उरतो, तोच जाळे दूर नेतो. तो ०.२ नॉट असेल तर २४ तासांत ४.८ मैल. शोध त्या रेषेवर घ्या, आणि शेवटच्या नोंदलेल्या वेळेला भरती चालू होती की ओहोटी, हे आधी पाहा.

सूतगुंता

जाळे कशाचे आहे यावर ते कुठे सापडेल हेही ठरते. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५. नायलॉन १.१४, पॉलिएस्टर १.३८, दोन्ही बुडतात. पॉलिइथिलीन ०.९५, ते तरंगते. गिलनेट नायलॉनचे, त्यामुळे भेंडे (जाळे उभे धरणारे तरंगते तुकडे) तुटले किंवा पाणी पिऊन निकामी झाले की तळाला बसते. ट्रॉलची जाळी बहुधा पॉलिइथिलीनची, त्यामुळे तिचे तुकडे वर येऊन प्रवाहांबरोबर हजारो किलोमीटर जातात आणि वाटेत दोऱ्या, फांद्या, दुसरी जाळी गुंडाळून त्यांचे गठ्ठे होतात. उत्तर पॅसिफिकमधल्या तरंगत्या कचऱ्याच्या पट्ट्याचे २०१८ मध्ये मोजमाप प्रसिद्ध झाले, त्यात वजनाने ४६ टक्के मासेमारीची जाळी निघाली.

सगळे तुकडे काही अपघाताने पाण्यात जात नाहीत. जाळे शिवताना, फाटका भाग काढून नवा लावताना जे हातभर तुकडे कापले जातात ते डेकवरून पाण्याबरोबर वाहून जातात. डेकवर पाणी जाण्याच्या भोकांना जाळी लावा आणि शिवणाच्या जागेजवळ झाकणाची पिशवी बांधून ठेवा. खर्च जवळपास शून्य आहे.

शिंपला

हरवलेले जाळे किती दिवस मासे मारते, याबद्दल दोन टोकांची विधाने ऐकू येतात. एक म्हणजे 'सहाशे वर्षे मारत राहते', दुसरे 'आठवड्यात निकामी होते'. प्लास्टिक टिकणे आणि जाळे पकडत राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर उथळ पाण्यात जाळी मुद्दाम सोडून पाहिली, तिथे पकड साधारण १५ ते २० आठवड्यांत नगण्य झाली. बाल्टिक समुद्रात कॉडच्या गिलनेटवर केलेल्या चाचण्यांत पहिल्या तीन महिन्यांत पकड सुरुवातीच्या सुमारे २० टक्क्यांवर आली, पण २७ महिन्यांनंतरही ५-६ टक्के चालूच होती. फरक कशामुळे पडतो? उथळ, उजेडाच्या, लाटांच्या जागी जाळ्यावर शेवाळ आणि शिंपल्या चढतात. जाळे जड होते, माशांना दिसू लागते, लाटा त्याला लोळवून दोरखंड करतात. खोल, थंड, शांत पाण्यात यातले काहीच होत नाही, म्हणून ते उभे राहते. तिसरी परिस्थिती सर्वांत वाईट : जाळे खडकावर किंवा बुडालेल्या जहाजावर ताणून अडकलेले. तिथे उथळ पाणी असले तरी ते पडद्यासारखे उघडे राहते.

माशांची पकड संपत आली तरी काम थांबत नाही. मेलेल्या माशांच्या वासाने खेकडे येतात, ते अडकतात, त्यांना खायला आणखी खेकडे येतात. तळाला लोळलेल्या जाळ्यात महिनोन्महिने मुख्यतः खेकडेच सापडतात.

म्हणून जाळे काढण्याचा सर्वांत जास्त फायदा पहिल्या काही आठवड्यांत आहे. दोन वर्षांनी काढलेल्या जाळ्यापेक्षा दोन दिवसांत काढलेले जाळे कितीतरी पटींनी मासे वाचवते.

नांगरगडी

काढण्याची पद्धत. हे तळाला बसलेल्या गिलनेटसाठी, वाळू किंवा चिखलाच्या तळावर. प्रवाळ असलेल्या जागी आणि नकाशावर केबल किंवा पाइपलाइन दाखवलेल्या जागी गळाचा नांगर ओढायचा नाही, हे पहिले.

साधन : जाड लोखंडी दांडा, त्याला मागे वळलेले चार-पाच आकडे, पुढे ४-५ मीटर साखळी. साखळी नसेल तर आकडे तळावर न घासता वरून तरंगत जातात आणि जाळ्याच्या पातळ मोनोफिलामेंटमध्ये (एकेरी प्लास्टिक धाग्यात) शिरून ते फाडतात. आपल्याला पकडायची आहे ती शिसे लावलेली खालची दोरी, म्हणून आकडे तळावरच हवेत. साखळीनंतर दोरी, खोलीच्या तिप्पट. साखळी आणि दोरी यांच्या मध्ये मुद्दाम कमकुवत असा जोड द्या, आणि दांड्याच्या मागच्या टोकाला वेगळी सोडवणीची दोरी. खडकात अडकले तर कमकुवत जोड तुटतो आणि मागच्या दोरीने नांगर उलटा निघतो. नाहीतर एक जाळे काढायला जाऊन नांगर आणि शंभर मीटर दोरी समुद्राला द्यावी लागते.

ओढण्याची दिशा जाळ्याला काटकोनात. जाळ्याला समांतर ओढले तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. मांडताना दोन्ही टोकांची जीपीएस नोंद असेल तर रेषा आखा आणि ती एका टोकापासून साधारण दहाव्या हिश्शावर कापा. मधोमध अडकवले तर दोन्ही बाजूंचे वजन एकदम येते आणि जाळे फाटून दोन हरवलेली जाळी होतात. वेग १ ते २ नॉट, त्याहून जास्त नाही. एका माणसाचा हात दोरीवर राहू द्या. वाळूवर नांगर सरकताना दोरीत बारीक थरथर जाणवते. जाळे लागले की थरथर थांबून हळूहळू वाढणारा जडपणा येतो, खडक लागला तर एकदम झटका.

जाळे लागले असे वाटताच इंजिन न्यूट्रल. मागे घेऊ नका, दोरी पंख्यात जाईल. बोट नाकाकडून ओढीला तोंड करून ठेवा आणि पुढच्या बाजूने संथ ओढा.

आता धोका. चिखल, दगड, शिंपल्या भरलेल्या जाळ्याचे वजन शेकडो किलो होते. ते डेरिकच्या (वजन उचलायच्या दांड्याच्या) टोकाला टांगले की बोटीच्या दृष्टीने सगळे वजन त्या टोकाच्या उंचीवर असते, पाण्याच्या पातळीवर नव्हे. लहान बोट यात कलंडते. म्हणून वजन बोटीच्या काठावरच्या रोलरवर घ्या, थोडे आत घ्या, बांधा, कापा, परत घ्या. वजन ताणलेले असताना दोरीच्या रेषेत कुणीही उभे राहायचे नाही, आणि धारदार कोयता एका ठरावीक माणसाच्या हातात तयार हवा. बोट कलायला लागली तर तांडेलाने विचार न करता 'काप' म्हणायचे.

खोलपाणी

नांगरगडी यांनी प्रवाळाची सूचना केली ते बरे झाले. तिथे पाणबुडे लागतात, आणि ते काम हौशी पाणबुड्यांचे नाही. मोनोफिलामेंट पाण्यात दिसत नाही आणि टाकीची तोटी, पंखांचे पट्टे त्यात पटकन अडकतात. कापायची दोन साधने, दोन वेगळ्या जागी, दोन्ही हातांना पोचतील अशी. एकट्याने कधीच नाही.

उचलण्यासाठी हवेची पिशवी वापरतात. १ लिटर हवा साधारण १ किलो उचलते, म्हणजे १०० लिटरची पिशवी १०० किलो. चूक होते ती इथे : १० मीटरवर पिशवी अर्धी भरली तरी वर येईपर्यंत हवा दुप्पट होते. जाळे सुरुवातीला हलत नाही म्हणून आणखी हवा सोडली, तर सुटल्यावर ते रॉकेटसारखे वर जाते. हवा सोडण्याची झडप असलेली पिशवीच वापरायची, आणि एका अख्ख्या जाळ्याऐवजी तुकडे करून उचलायचे. प्रवाळात वाढून गेलेला भाग ओढून काढायचा नाही, भोवतीचे कापून तेवढा तिथेच सोडायचा.

कोंडाळे

ट्रॉलर आणि गिलनेट यांची टक्कर हा मुद्दा मागे पडतोय. तिथे चांगली दोरी, चांगला बोया काही उपयोगाचे नाहीत, ट्रॉलर सगळेच घेऊन जातो. उपाय जागा आणि वेळ वाटून घेण्याचा आहे. इंग्लंडमध्ये दक्षिण डेव्हनच्या किनाऱ्यावर १९७८ पासून पिंजरेवाले आणि ट्रॉलरवाले यांच्यात असा करार आहे : कुठला पट्टा कायम पिंजऱ्यांचा, कुठला कोणत्या महिन्यांत ट्रॉलरचा, हे नकाशावर ठरलेले. तो मच्छीमारांनी आपसात बसून केला, म्हणून टिकला. जिथे करार नाही तिथे निदान मांडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके रेडिओवर सांगणे एवढे तरी व्हावे.

दुसरी गोष्ट, एका फेरीत ओढून होणार नाही इतके जाळे मांडणे. ईशान्य अटलांटिकमध्ये खोल पाण्यातल्या गिलनेटवाल्यांनी हेच केले, मैलोन्मैल जाळी पाण्यात ठेवून बोटी बंदरात येत. शेवटी २००६ मध्ये तिथल्या खुल्या समुद्रात २०० मीटरपेक्षा खोल गिलनेटवर बंदी आली. बोटीवर एका वेळी मावेल तेवढेच जाळे पाण्यात, हा नियम स्वतःहून पाळला तर वादळाची सूचना आल्यावर काही मागे सोडावे लागत नाही.

निळाई

हरवल्याचे कळवले तर दंड होईल या भीतीने कुणी कळवत नाही असे ऐकले आहे. कायदा नेमका काय म्हणतो?

दर्यावर्दी

मार्पोल या जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे. त्यात कृत्रिम धाग्याची जाळी समुद्रात मुद्दाम टाकायला मनाई आहे. सर्व वाजवी काळजी घेऊनही अपघाताने हरवलेले जाळे मात्र त्या मनाईत येत नाही. जीव वाचवायला किंवा बोट वाचवायला कापलेले जाळेही नाही. भीती बऱ्याच अंशी या फरकाच्या अज्ञानातून येते. अमेरिकेत पुजेट साउंडमध्ये २००२ पासून हरवलेली जाळी काढण्याचे काम चालते, तिथे कळवणाऱ्यावर ठपका ठेवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नॉर्वेत मत्स्यविभाग १९८०च्या दशकापासून दरवर्षी मोहीम काढून जाळी काढतो, ती मच्छीमारांनी कळवलेल्या जागांच्या आधारेच. दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये पिंजऱ्यांवर अनामत रक्कम सुरू केली : साधन परत आणा, पैसे परत घ्या.

आपल्याकडे महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्याला नुकसानभरपाई मिळते. चांगली योजना आहे. फक्त कापलेला भागही बोटीवर घेऊन यायचा, हे त्या वेळी ध्यानात ठेवावे.

सूतगुंता

परत आणलेल्या जाळ्याचे पुढे काय, हेही लिहून ठेवतो. नायलॉन ६ रासायनिक प्रक्रियेने मूळ घटकापर्यंत नेऊन नवा धागा करता येतो, पॉलिइथिलीन वितळवून गोळ्या करतात. दोन्ही एकत्र आले तर कुणी घेत नाही. म्हणून धक्क्यावरच वेगळे करा : जाळे वेगळे, दोऱ्या वेगळ्या, भेंडे वेगळे, शिसे पूर्ण काढलेले. शिशाची दोरी जाळ्यात राहिली तर पूर्ण गठ्ठा परत येतो. समुद्रात वर्षभर पडलेले, वाळू-शिंपल्यांनी भरलेले जाळे पुनर्वापराला बहुधा जात नाही, हे मान्य करून त्याची वेगळी सोय ठेवावी.

कुजणाऱ्या जाळ्यांबद्दल कुणी विचारेलच. कोरियात पीबीएस आणि पीबीएटी या कुजणाऱ्या प्लास्टिकांच्या मिश्रणाची गिलनेट वापरात आहेत. नॉर्वेत कॉडवर केलेल्या चाचण्यांत ती नायलॉनपेक्षा कमी मासे देत होती आणि लवकर तुटत होती. आज सरसकट शिफारस करावी अशी ती नाहीत. पिंजऱ्यांबाबत मात्र सोपा उपाय तयार आहे : एक बाजू कच्च्या सुती दोऱ्याने शिवायची. पिंजरा हरवला की दोरा कुजतो, खिडकी उघडते, खेकडे बाहेर. अलास्कात हे बंधनकारक आहे.

भरतीओहोटी

कळवताना काय सांगायचे ते कुणी लिहिले नाही, म्हणून शेवटी जोडतो. युरोपीय संघाच्या २००९च्या मूळ नियमानुसार आधी स्वतः काढण्याचा प्रयत्न करायचा, जमले नाही तर २४ तासांत कळवायचे असे होते. त्यात बोटीचे नाव आणि क्रमांक, साधनाचा प्रकार, हरवल्याची वेळ, शेवटची जागा आणि काढण्यासाठी केलेले प्रयत्न, एवढे मागितले होते. शोधणाऱ्याला याखेरीज पुढच्या गोष्टी लागतात : दोन्ही टोकांच्या जीपीएस नोंदी, जाळ्याची एकूण लांबी आणि उंची, आस (जाळ्याच्या भोकांचे माप), खोली, तळ कसला आहे, नांगरलेले होते की सुटे, एखादा बोया अजून जोडलेला असण्याची शक्यता आहे का, आणि शेवटचे पाहिले तेव्हा भरती होती की ओहोटी. जाळे टाकतानाच वहीत ही ओळ लिहून ठेवली तर हरवल्यावर आठवत बसावे लागत नाही. जीपीएस नोंद अंश आणि दशांश मिनिटांत आहे की अंश-मिनिट-सेकंदांत, तेही लिहा. १८ अंश ३०.५० मिनिटे आणि १८ अंश ३० मिनिटे ५० सेकंद या दोन जागांत ६०० मीटरचा फरक पडतो, आणि नांगर तेवढ्या अंतरावर दिवसभर रिकामा फिरतो.